मिठाची मध्यस्थी

गेल्या दिवाळीत आमचा आतेभाऊ चार दिवस राहायला आला होता. तीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनीअर म्हणून काढून तो आता निवृत्त झाला आहे. आमच्या घरी कॉफी म्हणजे भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर आणि वर किसलेले जायफळ. त्याला हे चालत नाही. त्याने स्वतःच गॅसजवळ उभे राहून काळीभोर कॉफी केली, कपात ओतली आणि फोडणीच्या डब्याशेजारची बरणी उघडून दोन बोटांची चिमूट कपात सोडली.

आई ओरडलीच, "अरे अरे, मीठ आहे ते! साखरेचा डबा पलीकडे आहे."

"मामी, मीठच हवंय मला," तो हसत म्हणाला. जहाजावरची कॉफी तासन्‌तास उकळत राहायची आणि विषासारखी कडू व्हायची. तेव्हा एका म्हाताऱ्या खलाशाने त्याला ही युक्ती शिकवली होती. आईने कपाळाला हात लावला. "दुधात मिठाचा खडा" ऐकत वाढलेल्या बाईला कॉफीत मीठ म्हणजे अब्रह्मण्यमच!

या सगळ्यात बाबा मात्र गप्प होते. त्यांच्यासमोर मेथीची भाजी आणि भाकरी होती. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला होता आणि डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितले होते. एक घास खाऊन त्यांनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, "ह्याला कपात मीठ मिळतं, मला पानात मिळत नाही. आणि अळणी लागतं म्हणून मी तक्रार करत नाहीये. सगळं कडू लागतंय."

आम्ही तो म्हातारपणाचा चिडचिडेपणा समजलो. "नावडतीचे मीठ अळणी" ही म्हणही कोणीतरी फेकली. पण ते शब्दशः खरे बोलत होते. एकाने कॉफीत मीठ टाकून कडूपणा घालवला होता, दुसऱ्याच्या भाजीतून मीठ काढल्यामुळे कडूपणा वर आला होता. एकाच टेबलावर एकाच गोष्टीच्या दोन बाजू मांडलेल्या होत्या, आणि त्या आम्हाला दिसत नव्हत्या.

खारट पेल्यांचा प्रवास

कॉफीत मीठ ही आतेभावाची लहर नव्हे. कॉफीचे माहेर असलेल्या इथिओपियात काही भागांत साखरेऐवजी मीठ, आणि कधी लोणीही, घालून कॉफी पितात. तुर्कस्तानात मुलगी बघायला पाहुणे आले की ती सर्वांना कॉफी देते. नवऱ्या मुलाच्या कपात मात्र मुद्दाम मीठ घालते. त्याने चेहरा वाकडा न करता ती संपवली तर गडी संसाराला टिकणार, असा त्यातला गमतीचा भाग. व्हिएतनाममधील ह्वे शहरात २०१० साली एका लहानशा कॉफीघराने खारवलेल्या सायीची कॉफी सुरू केली आणि ती पुढे देशभर पोचली. आपल्याकडे काश्मीरचा 'नून चहा' आहेच. 'नून' म्हणजे मीठच. लडाखात लोणी आणि मीठ घालून घुसळलेला चहा रोजचा आहे.

तरीही जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका मिशेल फ्रँकल यांनी चहावरच्या आपल्या पुस्तकात चिमूटभर मिठाची शिफारस केली, तेव्हा इंग्लंडात गदारोळ उडाला. अखेर लंडनमधील अमेरिकन वकिलातीला मिस्कील पत्रक काढून सांगावे लागले की, चहात मीठ घालणे हे अमेरिकेचे अधिकृत धोरण नाही! बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या खाऱ्या पाण्यात फेकल्या गेल्या, त्याला अडीचशे वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती, हा योगायोगही मोठा गमतीचा.

थट्टा बाजूला ठेवली तर प्रश्न उरतोच. मीठ गोड नाही. ते कडूपणाला झाकते कसे?

जिभेवरचा पहारेकरी

त्याआधी कडूपणा म्हणजे काय ते पाहू. शाळेत आपण जिभेचा नकाशा काढला होता: टोकाला गोड, बाजूंना खारट-आंबट, मागे कडू. तो नकाशा चुकीचा आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत थोडा थोडा फरक असल्याचे नोंदवले होते. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी त्या थोड्या फरकाची पक्की कुंपणे करून टाकली. प्रत्यक्षात जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे तिथे सगळ्या चवी कळतात.

या रुचिकलिकांतील पेशींवर रसायने ओळखणारे ग्राहक असतात. गोड ओळखायला माणसाला मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक पुरतो. कडू ओळखायला मात्र सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक आहेत. २००० साली त्यांचा शोध लागला. इतका बंदोबस्त कशासाठी? कारण साखर ही साखरच असते. विषे मात्र हजार प्रकारची. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आपल्या पानांत, बियांत, सालीत रसायने साठवून ठेवते आणि त्यातली बरीच खाणाऱ्याला बाधतात. कडूपणा ही त्या बाबतीतली धोक्याची घंटा. म्हणून पाण्यात साखर आहे हे कळायला जेवढे प्रमाण लागते, त्याच्या सुमारे हजारपट कमी प्रमाणातही क्विनाइन जिभेला कळते. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या जिभेला कडू थेंब लागला तरी ते तोंड वेडेवाकडे करते. त्याला कोणी शिकवलेले नसते.

हा पहारेकरी सर्वांच्या दारात सारखाच जागा असतो असे मात्र नाही. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ फिनिलथायोकार्बामाइड नावाची भुकटी बाटलीत भरत होते. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी 'केवढी कडू!' म्हणून कुरकुरला. फॉक्सना काहीच लागले नाही. दोघांनी भुकटी चाटून पाहिली, तरी तेच. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे तीस टक्क्यांना हा पदार्थ कडू लागत नाही, असे पुढे दिसले. २००३ साली त्यामागचे जनुक सापडले. कोबी, मोहरी, सलगम या कुळातल्या भाज्यांमध्येही अशाच जातीची रसायने असतात. म्हणजे "एवढं काय कडू आहे त्यात?" असे आपण पानावर बसलेल्या मुलाला दटावतो, तेव्हा त्याच्या जिभेवर काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आपली कॉफी आणि शेजाऱ्याची कॉफी एकाच भांड्यातून ओतली तरी एक नसते.

कॉफीच्या कडूपणाचे खापर आपण कॅफीनवर फोडतो. कॅफीन कडू आहे हे खरे, पण कपातल्या कडूपणात त्याचा वाटा लहान, सुमारे दहा ते पंधरा टक्के. कॅफीन काढून टाकलेली कॉफीही कडूच लागते, यावरून हे सहज लक्षात येईल. खरा कडूपणा भाजताना जन्मतो. हिरव्या बियांत क्लोरोजेनिक आम्ले असतात. बी मध्यम भाजली की त्यांपासून लॅक्टोन नावाची कडू संयुगे होतात, ती सुसह्य. बी काळपट होईपर्यंत भाजली की त्यांचीही मोडतोड होऊन फिनिलइंडेन तयार होतात. त्यांचा कडूपणा खरखरीत आणि जिभेवर रेंगाळणारा. जर्मनीतील थॉमस हॉफमन यांच्या गटाने २००७ साली ही साखळी उलगडून दाखवली. माटुंग्याच्या फिल्टर कॉफीत त्यात चिकोरीच्या भाजलेल्या मुळाची भर पडते. दुधातले प्रथिन यातल्या काही संयुगांना धरून ठेवते, म्हणून दूध घातले की कॉफी सौम्य होते.

साखर मेंदूला, मीठ जिभेला

आता मीठ. १९८५ साली क्रूझ आणि बार्तोशुक या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. जिभेच्या दोन बाजूंना दोन वेगळे द्रव लावायचे. एका बाजूला कडू क्विनाइन आणि दुसऱ्या बाजूला साखर लावली तरी कडूपणा कमी झाल्यासारखा वाटतो. दोन्ही पदार्थ जिभेवर भेटलेलेच नाहीत, म्हणजे ही तडजोड मेंदूत होते. मिठाचे तसे नाही. मीठ आणि क्विनाइन वेगवेगळ्या बाजूंना ठेवले तर कडूपणा फारसा हलत नाही. दोन्ही एकाच जागी आले तरच तो दबतो. म्हणजे मिठाचे काम मुख्यतः जिभेवरच, कडू ओळखणाऱ्या पेशीच्या दाराशी चालते. साखर मेंदूची समजूत घालते; मीठ निरोप निघायच्या आधीच त्याला अडवते.

फिलाडेल्फियाच्या मोनेल रसायन-संवेदना केंद्रातील पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी हा धागा पुढे नेला. १९९५ साली त्यांनी दाखवले की सोडियम सगळ्या कडू पदार्थांना सारखे वागवत नाही. युरियाचा कडूपणा ते झटकन दाबते, मॅग्नेशियम सल्फेटपुढे मात्र त्याचे जवळजवळ काही चालत नाही. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख आला. त्यांनी युरिया आणि साखर यांच्या मिश्रणात सोडियम ॲसिटेट घातले. हा क्षार फारसा खारट लागत नाही. कडूपणा उतरला आणि मिश्रण अधिक गोड लागू लागले. साखरेचा एक कणही वाढवला नव्हता. कडू आणि गोड एकमेकांना दाबून असतात; मिठाने कडूला खाली बसवले, तेव्हा गोडाला डोके वर काढता आले.

म्हणजे मिठाने पदार्थाला 'चव येते' असे आपण म्हणतो तेव्हा निम्मे श्रेय मिठाने आणलेल्या चवीला नसून त्याने बाजूला सारलेल्या चवीला असते. आपल्या आज्यांनी 'नेचर' वाचले नव्हते, पण पुरणात चिमूटभर मीठ टाकायला त्या विसरत नसत. पपनसाच्या फोडीला आपण मीठ लावतो. काकडीचे डोके कापून त्यावर मीठ चोळतो आणि फेस काढतो. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून पिळून काढतो. तिथे मीठ दोन कामे करते, आधी कडू पाणी ओढून काढते आणि जे उरते त्याला जिभेवर गप्प करते. गुढीपाडव्याच्या कडुनिंबाच्या गोळीतही गुळ, ओवा, हिंगाबरोबर मीठ असतेच. कारले तुपात तळले आणि साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे म्हण सांगते. म्हणीने मिठाचे नाव घेतलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जाता जाता शब्दाचीही एक गंमत. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटु' आणि 'तिक्त' हे दोन वेगळे रस आहेत. त्यातला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. 'कटु'वरूनच मराठीत 'कडू' आला, पण येताना वाटेत चव बदलून आला.

बाबांचे ताट

इथवर गंमत झाली. आता बाबांच्या ताटाकडे वळू, कारण प्रश्न त्यांच्यासारख्या असंख्य माणसांचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. म्हणजे सपाट चहाचा चमचाही भरत नाही. लोणची, पापड, फरसाण, बिस्किटे, पाव यांतूनही मीठ आपल्या पोटात जातच असते. रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात ते योग्यच. पण सांगताना 'थोडं अळणी लागेल, सवय होईल' एवढेच सांगितले जाते. मेथी, शेपू, कारले, गवार, वांगे यांतला मिठाने दाबून ठेवलेला कडूपणा उसळून येईल, हे कोणी सांगत नाही. मग रुग्ण काय करतो? ज्या पालेभाज्या त्याने खायला हव्यात त्याच टाळतो आणि आठवड्याभरात चोरून पापडाकडे वळतो. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. ताबा नसतो असे नव्हे. आपण त्याच्या पहारेकऱ्याला जागे करून ठेवलेले असते.

याला उपाय आहेत. पहिला उपाय धीराचा. १९८२ साली बोशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना महिनोन्‌महिने कमी मिठावर ठेवून पाहिले. हळूहळू त्यांची आवडच बदलली; पूर्वीइतके मीठ त्यांना नकोसे झाले. हा बदल दोन दिवसांत होत नाही, काही आठवडे ते काही महिने जावे लागतात. दुसरा उपाय स्वयंपाकघरातला. कडूपणा दाबणारे मीठ एकटे नाही. किंचित गूळ, दाण्याचे कूट, ओले खोबरे, दही हेही तेच काम आपापल्या परीने करतात, आणि लिंबू-आमसुलाचा आंबटपणा मिठाची उणीव पुष्कळशी भरून काढतो. जेवढे मीठ वापरायचे ते कडसर भाजीत वापरावे आणि भाकरी, भात, ताक बिनमिठाचे ठेवावे. मोजके मीठ जिथे खरे काम करते तिथे खर्च झाले पाहिजे.

तिसरा उपाय बाजारातला: सोडियम कमी केलेले मीठ. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनमध्ये सहाशे खेड्यांतील सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पाव भाग पोटॅशियमचे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण चौदा टक्क्यांनी कमी आढळले. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोटॅशियम क्लोराइड स्वतःच कडसर असते. आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना हे मीठ घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

आणि आतेभावाची कॉफी? पाव ग्रॅमाची चिमूट म्हणजे सुमारे शंभर मिलिग्रॅम सोडियम. दिवसातून एकदा, निरोगी माणसाला, हा हिशेब किरकोळ. त्या चिमटीमुळे दोन चमचे साखर वाचत असेल तर मधुमेह्याला तो सौदा परवडेल. पण दिवसाला पाच कप पिणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला नाही. त्याने बी कमी भाजलेली घ्यावी, कॉफी कमी वेळ उकळावी. कडूपणा जन्मालाच आला नाही तर त्याला दाबायचे कारण उरत नाही.

घंटा वाजते तेव्हा

शेवटी एक इशारा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. पहारेकऱ्याला गप्प करण्याची कला आपल्याला साधली म्हणून तो नेहमीच उगाच ओरडतो असे समजू नये. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाला. त्या रसात कारल्याचा रसही मिसळलेला होता. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गात क्युकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात अचानक वाढतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने असे प्रकार तपासले आणि सल्ला दिला तो अगदी साधा: दुधीचा लहान तुकडा आधी चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. कारल्याचा कडूपणा अपेक्षित असतो, दुधीचा नसतो. कारल्यात दुधीचा कडूपणा लपला की घंटा वाजूनही ऐकू येत नाही. जुन्या बायका दुधी चिरताना देठाकडची फोड जिभेला लावून पाहत, ती उगाच नव्हे. तिथे मीठ लावून, साखर घालून 'चालवून घेणे' म्हणजे पहारेकऱ्याला लाच देणे होय.

उलट जिथे कडू म्हणजेच औषध, तिथे ही लाच जीव वाचवू शकते. लहान मुले थुंकून टाकतात ती औषधे बहुधा कडू असतात; हिवतापावरचे क्लोरोक्विन पाजताना आयांची काय दशा होते ते त्यांनाच माहीत. औषध कितीही गुणकारी असले तरी ते पोटात गेले तरच उपयोगी. म्हणून कडूपणा नेमका कसा दाबावा या प्रश्नामागे संशोधक लागले आहेत तो केवळ कॉफीच्या चवीसाठी नव्हे.

वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. बिनसाखरेची काळी कॉफी करून दोन कपांत ओतावी. एकात मिठाचे मोजके दाणे टाकावेत. खारट लागता कामा नये, इतकेच. मग आधी साधी आणि नंतर मिठाची चाखावी. घरातल्या प्रत्येकाला वेगळा फरक जाणवेल, काहींना मुळीच नाही, आणि त्यावरून जो वाद होईल तो ऐकण्यासारखा असेल.

आमच्याकडे आई आता बाबांच्या मेथीत दाण्याचे कूट सढळ हाताने घालते आणि वरून लिंबू पिळते. पहिला महिनाभर रोज भांडण होते. गेल्या आठवड्यात शेजारच्यांकडे सत्यनारायण होता. तिथून जेवून आल्यावर बाबा खुर्चीत बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय गं, त्यांची भाजी फारच खारट होती, नाही?"

आई काही बोलली नाही. तिलाही तशीच लागली होती.